साखर : खड्यापासून आलेला शब्द

'साखर' या शब्दाच्या मुळाशी गोडी नाही, खडा आहे. संस्कृतातला 'शर्करा' हा शब्द आधी बारीक दगडांचा होता. अथर्ववेदात 'शर्कराः सिकता अश्मानः' असे शब्द येतात : खडे, वाळू, दगड. शतपथ ब्राह्मणात यज्ञाचा अग्नी स्थापन करताना जी सामग्री गोळा करायची, तिच्यात शर्करा आहे. त्यामागची कथा अशी, की हेलकावणारी पृथ्वी देवांनी खडे घालून घट्ट केली. आयुर्वेदाने मुतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलं. या सगळ्यांत जिभेचा संबंध कुठेच नाही.

मग हा शब्द खायच्या पदार्थाला का चिकटला? उत्तर गुऱ्हाळात मिळतं. उसाचा रस काहिलीत आटवत नेला की पाणी उडतं आणि पाक दाट होत जातो. मध्येच उतरवला तर काकवी. आणखी आटवून वाफ्यात ओतला आणि घोटला, तर थिजून गूळ होतो, म्हणजे रसातलं जवळजवळ सगळं एकत्र. पण पाक योग्य वेळी उतरवून सावकाश निवू दिला तर त्यात कणी धरते. हे कण शुद्ध साखरेचे स्फटिक असतात, आणि त्यांच्याभोवती जी काळसर, चिकट मळी उरते ती निथळवून काढता येते. शिळ्या उसाच्या रसात कणी नीट धरत नाही, कारण ऊस तोडून पडून राहिला की त्यातल्या साखरेची फोड होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतं आणि ते कण बनू देत नाही. म्हणून हे काम कसबाचं होतं. ज्याने पहिल्यांदा निथळलेली, कोरडी, हातात धरली तर बोटांमधून गळणारी वस्तू पाहिली असेल, त्याला ती नदीकाठच्या बारीक खडीसारखी दिसली आणि त्याने तिला तेच नाव दिलं.

गोडीसाठी नवा शब्द लागतच नव्हता, कारण गोडी आधीपासून गुळात होती. संस्कृतात 'गुड' म्हणजे गोळा, आणि आपलं 'गोड' हे विशेषण त्याच कुळातलं. कोकणीत तर 'गोड' म्हणजे गूळच. मराठीने चवीचं नाव गुळावरून घेतलं आणि कणाचं नाव खड्यावरून. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. इथल्या लोकांनी गोड पदार्थ शोधला एवढंच सांगून भागत नाही. ऊस तर आग्नेय आशियात आणि न्यू गिनीतही पिकत होता. इथे शोधली गेली ती रसातून कण वेगळा काढण्याची रीत, आणि शब्दाने नेमकी तीच टिपून ठेवली.

ही रीत एका उडीत आलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या मालाच्या वर्गवारीत एक ओळ आहे : 'फाणितगुडमत्स्यण्डिकाखण्डशर्कराः क्षारवर्गः'. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट पाक, मग गूळ, मग मत्स्यंडिका, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी बारीक कणी धरलेला पाक, मग खंड म्हणजे फोडलेले तुकडे, आणि सगळ्यात शेवटी शर्करा. ही पाच नावं एका ओळीत वाचली की कारागिराच्या कामाचे टप्पे डोळ्यांसमोर उभे राहतात. सुश्रुतानेही असाच चढता क्रम लावला आहे आणि माल जितका निर्मळ तितका तो थंड, असं म्हटलं आहे. उत्तरेकडे खांडसरी, म्हणजे गावठी पद्धतीची साखर, करताना मळी काढण्यासाठी ओल्या कणांवर पाण्यातल्या शेवाळाचा थर ठेवत. त्यातून थेंब थेंब पाणी झिरपत राही आणि मळी खाली उतरे. यंत्रं आल्यावर हे काम गरगर फिरणाऱ्या जाळीदार टोपल्या मिनिटांत करू लागल्या, पण मोजमाप कणाचंच राहिलं. आजही बाजारात साखरेचा भाव एस-३० आणि एम-३० असा निघतो. त्यातलं एस आणि एम म्हणजे दाण्याचा लहान-मध्यम आकार, आणि ३० हा रंगाचा क्रमांक.

शर्करेची साखर कशी झाली? 'भक्त'चा प्राकृतात 'भत्त' झाला आणि मराठीत 'भात'. 'दुग्ध'चं 'दुद्ध' आणि मग 'दूध'. जोडाक्षर आधी द्वित्त होतं, म्हणजे एकच व्यंजन दुहेरी होतं, मग एकेरी होतं आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. शर्करेचं पालीत 'सक्खरा' झालं, तिथे खडे आणि साखर हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. सक्खरेतून साखर सरळ उतरते, त्यातल्या 'ख'सकट. हिंदीतली 'शक्कर' मात्र फारसी 'शकर'च्या वाटेने आलेली आहे. आपली साखर कुठूनही फिरून आलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच तोंडात घासली गेली आहे.

हा 'ख' किती जुना आहे याचा पुरावा चक्क एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात सापडतो. पहिल्या शतकाच्या मध्याला तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारं 'पेरिप्लस' लिहिलं गेलं. लेखकाचं नाव राहिलेलं नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भारतातून काय उतरतं हे सांगताना तो अरियाके आणि बारिगाझा इथल्या मालाची यादी देतो. बारिगाझा म्हणजे भडोच, आणि अरियाके म्हणजे त्याच्या दक्षिणेचा, उत्तर कोकणाकडचा मुलूख, असं सामान्यपणे मानतात. यादीत गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, कापड आहे आणि शेवटी 'वेताचा मध, ज्याला साक्खारी म्हणतात' असा उल्लेख आहे. ग्रीक अक्षरांत तिथे 'क'नंतर 'ख' आहे. म्हणजे त्या गलबतवाल्यांच्या कानावर पंडितांची शर्करा पडली नव्हती. बंदरावरचे हमाल आणि वाणी जे प्राकृत बोलत होते, तेच पडलं होतं. आपल्या किनाऱ्यालगतच्या बोलीतला हा उच्चार दोन हजार वर्षांपूर्वी शाईत उतरला, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायस्कोरिडीस लिहितो, की भारतात आणि सुपीक अरबस्तानात वेतांमध्ये एक प्रकारचा घट्ट मध मिळतो. तो मिठासारखा दिसतो आणि दातांखाली मिठासारखा फुटतो. रोमन लेखक प्लिनीच्या मते तो फक्त औषधापुरता वापरायचा. त्यांनाही आधी जाणवला तो कणच. चिनी भाषेत या पदार्थाचं जुनं नाव 'दगडी मध' अशा अर्थाचं आहे. तांग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे, की सम्राट ताइझोंगने इ. स. ६४७ मध्ये साखर करण्याची रीत शिकायला मगधात माणसं पाठवली. हिंदीतल्या 'चीनी'मुळे साखर चीनमधून आली असं आजही अनेकजण ठामपणे सांगतात. विद्या उलट दिशेने गेली होती. 'चीनी' आणि 'मिश्री', म्हणजे मिस्र किंवा इजिप्तची, ही नावं फार नंतर, तिकडच्या पांढऱ्याशुभ्र मालावरून पडली. मराठीने ती दोन्ही घेतली नाहीत. मिश्रीला आपण खडीसाखर म्हणतो, आणि गुजरातीत तर 'साकर' हा शब्द खडीसाखरेपुरताच राखून ठेवलाय, रोजची ती 'खांड'.

पुढचा पश्चिमेचा प्रवास सर्वांना थोडाफार ठाऊक असतो : फारसी शकर, अरबी सुक्कर, स्पॅनिश असुकार, फ्रेंच स्युक्र, इंग्रजी शुगर. 'खंड'ही त्याच वाटेने निघाला. फारसीत तो 'कंद' झाला आणि शेवटी इंग्रजीत कँडी. वाटेतून काही शब्द परत आले आणि आपल्या फडताळात बसले. गुलकंदातला 'गुल' म्हणजे गुलाब आणि 'कंद' म्हणजे आपलाच खंड. दिवाळीतली शंकरपाळी ही मुळात फारसी 'शकरपारा', म्हणजे साखरेचा तुकडा; मराठी जिभेला त्यात शंकर ऐकू आला आणि तो तिथेच राहिला.

दक्षिणेत शब्दाने वेगळं वळण घेतलं. केरळात 'शर्करा' म्हणजे गूळ; ओणमच्या पानावर वाढतात त्या केळ्याच्या 'शर्करा उप्पेरी'वर गुळाचा लेप असतो. तमिळ सर्करै पोंगलही गुळाचाच. मलबारात पोर्तुगीजांनी हाच शब्द उचलला, त्याचा 'जागरा' केला आणि तिथून इंग्रजीत जॅगरी आली. इंग्रजीत शुगर आणि जॅगरी हे दोन वेगळे पदार्थ, पण शब्द एकाच आईचे.

महाराष्ट्रात साखर कित्येक शतकं दुर्मीळ आणि महाग होती. रोजची गोडी गुळाची. म्हणूनच मानाच्या आणि आनंदाच्या प्रसंगी साखर आली. लग्न ठरल्याची खूण म्हणून साखरेचा पुडा द्यायचा, तो साखरपुडा. मूल झालं की साखर वाटायची, आणि फारच मोठा आनंद असेल तर ती हत्तीवरून. गुढीला साखरेच्या गाठी. तुकोबांच्या 'मुंगी साखरेचा रवा' या शब्दांतही एकच कण आहे, आणि तो मुंगीला मिळणारं मोठं सुख म्हणून आलाय. पहाटेच्या गाढ झोपेला साखरझोप म्हणणारी भाषा साखरेला सहज मिळणारी वस्तू समजत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात हे बदललं आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरी भागातली मराठी माणसंही होती; त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. त्या मळ्यांची साखर इकडे यायला लागली, आणि गुजरातीत पांढऱ्या साखरेला 'मोरस' हे मॉरिशसचंच नाव पडलं. पुढे जावाची साखर आली, युरोपातली बीटाची आली. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर टाकून गूळ वापरा, असं घरोघर सांगितलं गेलं, तेव्हा या शब्दाच्या मायदेशातच तो परक्या मालाचा शब्द झाला होता. १९३२ मध्ये देशी कारखान्यांना जकातीचं संरक्षण मिळालं. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. मग साखर स्वस्त झाली, चहात पडली, रेशनवर मिळू लागली.

एक शेवटची भर अलीकडची आहे. वैद्यकीय मराठीत 'रक्तशर्करा' हा शब्द रुळलाय, खड्यांशी कसलाही संबंध न उरलेला. बोलण्यात मात्र 'त्यांना शुगर आहे' असंच म्हणतात. जगभर हिंडून आलेला हा शब्द घरी येऊन आजाराचं नाव झाला : डब्यातली ती साखर, रक्तातली ती शुगर, आणि खेड्यातल्या दवाखान्यातही ही वाटणी आता कुणाला समजावून सांगावी लागत नाही.