सामाजिक विघटन

समूहातील व्यक्तींच्या वागण्यावर असलेली प्रचलित सामाजिक नियमांची पकड सैल होत जाणे, या प्रक्रियेला समाजशास्त्रात सामाजिक विघटन म्हणतात. नुसता नियम मोडला म्हणून विघटन झाले असे होत नाही. नियम सर्व काळी मोडले जातात. धडधाकट समाजातही चोऱ्या होतात, मुले घरातून पळून जातात. पाहायचे असते ते मोडल्यानंतर काय होते ते. शेजारी त्याबद्दल बोलतात का, नातेवाईक मध्ये पडतात का, मोडणाऱ्याला निदान चोरटेपणा वाटतो का? कोणी हटकत नाही आणि हटकले तरी कोणी जुमानत नाही, अशी वेळ आली की विघटनाला सुरुवात झाली असे समजावे.

ही कल्पना ज्या अर्थाने आज वापरली जाते तो अर्थ तिला विल्यम टॉमस आणि फ्लोरिअन झ्नानिएत्स्की यांनी दिला. पोलंडमधील शेतकरी आणि तेथून अमेरिकेत गेलेली त्यांची मुलेमाणसे यांच्यावरचा त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाला. त्याआधी फ्रान्समध्ये एमिल द्यूर्केम याने नियमशून्यतेची कल्पना १८९३ आणि १८९७ च्या ग्रंथांतून मांडली होती. पाठ्यपुस्तकांत या दोन कल्पनांची बरीच सरमिसळ होते. ढोबळमानाने फरक असा की द्यूर्केमची नजर संपूर्ण समाजाच्या नैतिक चौकटीवर आहे. विघटनाची कल्पना मात्र हळूहळू वस्ती, मोहल्ला, गल्ली यांच्यापर्यंत खाली उतरत गेली.

टॉमस-झ्नानिएत्स्कींचे मुख्य साधन होते पत्रे. शिकागोच्या एका गल्लीत कचऱ्यात टाकलेले पत्र टॉमसच्या हाती लागले आणि तेथून पुढे सारे सुचले, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, पत्रे मात्र बोलकी आहेत. पोलिश शेतकऱ्याच्या पत्राची सुरुवात ठरलेली असे : ‘येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो’. वाचणाऱ्याने मनात ‘युगानुयुगे, आमेन’ असे म्हणायचे हे गृहीतच. मग घरातल्या एकेकाची खुशाली, नातलगांना नावानिशी नमस्कार आणि शेवटी कामाचे बोलणे. लेखकांनी या प्रकाराला ‘नमस्कारी पत्र’ असेच नाव दिले. मजकूर कोणताही असो, कुटुंब एक आहे हे सांगणे हेच त्या पत्राचे खरे काम. जुन्या कुटुंबात लग्न, जमीन, पैसा यांचा विचार ‘आम्ही’ म्हणून होत असे. स्थलांतर आणि मजुरी यांनी त्या ‘आम्ही’मध्ये ‘मी’ घुसवला, आणि कुटुंबाच्या विघटनाचे मूळ लेखकांनी तेथे शोधले.

त्यांचे दोन मुद्दे नंतरच्या लेखकांच्या हातून निसटले, म्हणून ते मुद्दाम सांगायला हवेत. एक म्हणजे सामाजिक विघटन आणि व्यक्तीचे विघटन या वेगळ्या गोष्टी आहेत. समूहाचे नियम ढिले पडत असताना एखादी व्यक्ती आपले आयुष्य उत्तम सावरू शकते, आणि करकचून बांधलेल्या समाजातही एखादा माणूस कोलमडतो. दुसरे म्हणजे विघटन हा शेवट नव्हे. जुनी घडी मोडल्यावर नवे नियम, नव्या संस्था उभ्या करण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. तिला त्यांनी पुनर्रचना म्हटले. शिकागोतील पोलिश लोकांच्या परस्पर साहाय्य मंडळांत आणि चर्चभोवतीच्या जीवनात त्यांना अशीच नवी बांधणी दिसत होती.

पुढचा टप्पाही शिकागोतच घडला, आणि ते साहजिक होते. १८४० मध्ये या गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास होती. १८९० मध्ये ती जवळजवळ अकरा लाख झाली आणि १९३० मध्ये ३३ लाखांवर गेली. इतक्या वेगाने वाढणारे शहर समाजशास्त्रज्ञांच्या दारातच होते. १९२५ मध्ये अर्नेस्ट बर्जेसने शहराचे पाच वर्तुळाकार पट्ट्यांचे प्रारूप मांडले. त्यातला मध्यवर्ती व्यापारपेठेला खेटून असलेला दुसरा पट्टा म्हणजे संक्रमण विभाग. पेठ आज ना उद्या इकडे सरकणार आणि जमिनीला भाव येणार, या आशेवर घरमालक इमारतींची डागडुजी करीत नाहीत. घरे मोडकळीला येतात, भाडी उतरतात आणि शहरात नव्याने आलेला गरीब माणूस तेथेच पहिला मुक्काम टाकतो. चार पैसे गाठीला आले की तो तेथून निघतो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो.

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी या नकाशावर बालगुन्हेगारी मांडली. शिकागो ज्या कुक परगण्यात आहे तेथे १८९९ पासून बालन्यायालय होते, त्यामुळे नोंदी हाताशी होत्या. न्यायालयासमोर आलेल्या प्रत्येक मुलाच्या घराच्या जागी नकाशावर एक ठिपका द्यायचा, शहराचे साधारण एकेका चौरस मैलाचे तुकडे पाडायचे, आणि त्या तुकड्यात राहणाऱ्या १० ते १६ वर्षांच्या मुलग्यांशी ठिपक्यांचे प्रमाण काढायचे, असे हे चिकाटीचे काम होते. प्रमाण मध्यभागाजवळ सर्वांत जास्त आणि बाहेर जावे तसे उतरत जाणारे निघाले. शाळाचुकारपणा, बालमृत्यू आणि क्षयरोग यांचे नकाशे शेजारी ठेवले तर तेही बरेचसे तसेच दिसत.

एवढ्यावर थांबले असते तर गरीब वस्तीत गुन्हे जास्त, हे सर्वांना ठाऊक असलेलेच त्यांनी आकड्यांत सांगितले असे म्हणता आले असते. पण त्यांनी १९००–०६, १९१७–२३ आणि १९२७–३३ असे तीन कालखंड ताडून पाहिले. या तीस वर्षांत त्या वस्त्यांतील माणसे जवळजवळ पूर्ण बदलली होती. आधी जर्मन, आयरिश आणि स्कँडिनेव्हियन होते. मग पोलिश आणि इटालियन आले. काही भागांत त्यानंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय. तरी गुन्ह्यांचे प्रमाण ज्या भागांत जास्त होते त्याच भागांत ते बहुतांशी जास्त राहिले. उलट वस्ती सोडून बाहेरच्या पट्ट्यात गेलेल्या गटांच्या मुलांमधले प्रमाण घटले. अमुक वंशाच्या रक्तातच गुन्हेगारी आहे, असे त्या काळी विद्यापीठांतूनही उघड बोलले जाई. त्या बोलण्याला या नकाशांनी दिलेले उत्तर हीच या संकल्पनेची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल. दोष रक्तात नाही, पत्त्यात आहे.

पत्त्यात म्हणजे नेमके कशात? १९४२ च्या ग्रंथात त्यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवले : गरिबी, भाषा-वंशांची सरमिसळ आणि रहिवाशांची सततची ये-जा. यांतली कोणतीही गोष्ट मुलाला थेट चोरी करायला लावत नाही. पण पुढच्या वर्षी जो येथे नसेल तो मंडळ काढत नाही. शेजाऱ्याची भाषा कळत नसेल तर त्याच्या मुलाची तक्रार कोणाकडे करणार? शिवाय अशा वस्तीत मोठ्या मुलांकडून लहानांकडे गुन्ह्याचे धडे सरकत जातात, हाही त्यांच्या मांडणीचा भाग होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शॉने यावरून ‘शिकागो एरिया प्रोजेक्ट’ सुरू केला. बाहेरचे तज्ज्ञ पाठवण्याऐवजी वस्तीतल्याच माणसांना, कधीकधी शिक्षा भोगून आलेल्यांनाही, मुलांच्या कामात घ्यायचे असे त्याचे सूत्र होते. पुढे वस्ती-संघटक म्हणून गाजलेला सॉल अलिन्स्की याच कामातून तयार झाला.

टीकेची धार १९४३ मध्ये एकदम दोन बाजूंनी आली. सी. राइट मिल्सने सामाजिक समस्यांवरील पाठ्यपुस्तके तपासून दाखवले की त्यांचे बरेच लेखक लहान गावांतून आलेले आहेत, आणि गावाकडच्या मध्यमवर्गीय जीवनाशी जे जुळत नाही त्याला ते विघटन म्हणत आहेत. विल्यम फूट व्हाइट तर बॉस्टनच्या इटालियन वस्तीत जाऊन राहिला होता. बाहेरून ज्या जागी गोंधळ दिसतो तेथे आत टोळक्यांच्या उतरंडी, देणीघेणी, शब्द पाळण्याचे संकेत आणि राजकारणाशी बांधलेले धागे आहेत, असे त्याला आढळले. त्याच्या मते वस्तीत संघटन नाही असे नव्हते. त्या संघटनाची बाहेरच्या समाजाशी सांधेजोड होत नव्हती. एडविन सदरलँडनेही याच कारणाने ‘विघटन’ हा शब्द टाकून ‘भिन्न संघटन’ म्हणणे पसंत केले. खरे तर शब्दच गैरसोयीचा आहे. घडी कोणाची, हे तो सांगत नाही.

तर्कदोषही होता. गुन्हे वाढले म्हणजे विघटन झाले, आणि विघटन झाले म्हणून गुन्हे वाढले, असे एकाच श्वासात म्हटले जाई. न्यायालयातल्या नोंदी मुलांइतक्याच पोलिसांच्या वागण्याच्याही असतात, याचीही आठवण टीकाकारांनी करून दिली. १९५० मध्ये विल्यम रॉबिन्सनने विभागांच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्यातला धोका गणिताने दाखवला. सर्वांत मोठी उणीव मात्र याहून साधी आहे. शहर जणू झाडासारखे आपोआप वाढते, असे शिकागोच्या अभ्यासकांनी मानले. कृष्णवर्णीयांना घर विकायचे नाही असे करार तेव्हा खरेदीखतांतच लिहिलेले असत. न्यायालये ते अंमलात आणणार नाहीत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवले. वस्त्या नुसत्या घडत नव्हत्या, त्या घडवल्याही जात होत्या.

मधली काही दशके ही संकल्पना अभ्यासक्रमांपुरती उरली. १९७८ मध्ये रूथ कॉर्नहाउजरने तिच्यातला नियंत्रणाचा, म्हणजे वस्ती आपल्या मुलांना आवरू शकते की नाही हा, धागा सोडवून घेतला, आणि १९८९ मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि बायरन ग्रोव्ह्ज यांनी ब्रिटनमधील २३८ वस्त्यांच्या पाहणीवर तो तपासला. गरिबी आणि गुन्हा यांच्या मधली कडी त्यांनी वेगळी मोजली : आसपासच्या ओळखी, स्थानिक संस्थांतला सहभाग आणि पोरांच्या टोळक्यांवर मोठ्यांची नजर. वर्तुळात फिरणारा तर्क येथे सुटला.

१९९७ मध्ये सॅम्पसन, रॉडेनबुश आणि अर्ल्स यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांतील ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवरून ‘सामूहिक क्षमता’ ही कल्पना मांडली. विचारलेले प्रश्न अगदी घरगुती होते. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी काही करतील का? भिंतीवर रंग फासत असतील तर? वडीलधाऱ्यांशी उद्धट बोलत असतील तर? घरासमोर मारामारी जुंपली तर? जवळचे अग्निशमन केंद्र बंद व्हायची वेळ आली तर? त्याला जोडून शेजाऱ्यांवरचा विश्वास विचारला. जेथे उत्तरे होकारार्थी तेथे हिंसा कमी, आणि हे गरिबीचा हिशेब वजा केल्यावरही टिकले. मात्र ही क्षमता हवेत तरंगत नाही : वस्त्यावस्त्यांतील तिच्या फरकापैकी सुमारे ७० टक्के भाग एकवटलेली गरिबी, स्थलांतरितांचे प्रमाण आणि रहिवाशांचे स्थैर्य यांनीच समजावता आला. पुढच्या कामात सॅम्पसनने तिकिटे लावलेली, पत्ता लिहिलेली पाकिटे रस्त्यांवर टाकून, अनोळखी माणसासाठी लोक तसदी घेतात का हे जोखायला, कोणत्या वस्तीतून किती पाकिटे टपालपेटीत पडतात हेही पाहिले.

स्थलांतराबाबत मात्र जुने गृहीतक फिरले आहे. शॉ आणि मॅके यांच्या मांडणीत परक्यांची सरमिसळ ही नियंत्रण दुबळे करणारी गोष्ट होती. अलीकडच्या अमेरिकी अभ्यासांत, स्थलांतरित जास्त असलेल्या वस्त्यांत हिंसा बहुधा कमीच आढळते. घट्ट ओळखी म्हणजे कमी गुन्हे, हे समीकरणही सरळ राहिलेले नाही. मेरी पॅटिलोने शिकागोतील कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या एका वस्तीचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे लोक वर्षानुवर्षे शेजारी राहत होते, एकमेकांना नावानिशी ओळखत होते आणि पोरांवर लक्षही ठेवीत होते. पण टोळीतली मुलेही त्याच घरांतली होती. शेजारणीच्या ज्या ओळखीमुळे मुलाला रागावता येई, त्याच ओळखीमुळे त्याला पोलिसांच्या हवाली करणे जड जाई.