एका ठिपक्यात किती गुंठे?

'उपग्रहातून बेकायदा कचरा दिसतो' हे ऐकायला सोपं वाटतं. पण २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला, तेव्हा त्याच्या गावीही कचरा नव्हता. पिकं, जंगलं, खनिजं यांच्यासाठी तो होता. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटर लांब-रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने ६३ गुंठे! एवढ्यात कोकणातली अख्खी वाडी व्हाळासकट मावते. घाटाच्या वळणावर रात्री रिकामा केलेला ट्रक त्यात कुठून दिसणार?

पुढची गोष्ट गुंठ्यांतच मोजू. १९८२ च्या लँडसॅट-४ चा ठिपका नऊ गुंठ्यांवर आला. मार्च १९८८ मधल्या आपल्या भारतीय उपग्रहाचा, आयआरएस-१ए चा, बारीक कॅमेरा तेरा गुंठ्यांचा. १९९५ च्या आयआरएस-१सी ने गुंठ्याचा तिसरा हिस्सा गाठला, पण तो कॅमेरा कृष्णधवल. बारकावा मिळाला, रंग गेला. आणि कचरा हुडकताना रंग हवाच. २००८ मध्ये लँडसॅटची जुनी चित्रं फुकट झाली. २०१५ पासूनच्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, जवळजवळ बरोब्बर एक गुंठा, तोही रंगीत आणि फुकट. त्याचा जोडीदार उपग्रह २०१७ मध्ये वर गेल्यावर दर पाच दिवसांनी नवं चित्र मिळू लागलं.

तरीही संगणक सहसा थेट 'कचरा' ओळखत नाही, बदल ओळखतो: हिरवळ गेली, फिकट डाग उमटला, त्याच्यापर्यंत चाकोरी पडली. मुंबईतल्या देवनारसारख्या १९२७ पासूनच्या कचऱ्याच्या डोंगराचं वेगळं. जानेवारी २०१६ मधल्या तिथल्या आगीचा धूर नासाच्या चित्रांत सरळ दिसला होता.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र ढीग लहान, आणि निसर्ग चकवणारा. जून ते सप्टेंबर ढगांखाली काहीच दिसत नाही. रडार ढगांतून पाहतं, पण त्याला प्लास्टिक आणि माती यांतला फरक सांगता येईलच असं नाही. ढग हटतात तेव्हा सडा, म्हणजे जांभ्याचं खडकाळ पठार, हिरवागार. उन्हाळ्यात तोच उघडाबोडका. त्यात नवी चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाची खाण, हीसुद्धा अगदी कचऱ्याच्या जागेसारखीच दिसते: झाडोरा गेलेला, जमीन उघडी, ट्रकची वाट. जांभा काढून झाला की त्याच खड्ड्यात कचरा ओतला जातो. मग वरून पाहणाऱ्याला कळत नाही, खाण कधी संपली आणि डंपिंग कधी सुरू झालं.