ध्वनिसंवेदी प्रकाशकला

ध्वनिसंवेदी प्रकाशकला : सार्वजनिक जागेतील आवाज टिपून त्याच क्षणी दिव्यांची तीव्रता, रंग किंवा हालचाल बदलणारी मांडणी. आधी बसवलेल्या संगीतावर चालणारी कारंजी व लेझर शो (उदा., नांदेडच्या गोविंद बागेतील) तिच्यात मोडत नाहीत.

उगमाबाबत एकमत नाही. बऱ्याच संदर्भग्रंथांत आरंभ फ्रेंच जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघातील धर्मगुरू) लुई बेर्त्रां कास्तेल याच्या नेत्र-हार्प्सिकॉर्डपासून (स्वरांबरोबर रंग दाखवणारे पट्टीवाद्य; कल्पना सु. १७२५) धरतात व ए. डब्ल्यू. रिमिंग्टनच्या कलर ऑर्गनमार्गे (पट्ट्या दाबून रंगीत प्रकाश टाकणारे यंत्र; एकस्व म्हणजे पेटंट १८९३) पुढे येतात. मात्र या वाद्यांत रंग पालटत तो वादकाच्या बोटांनी. रिमिंग्टनच्या यंत्राला तर स्वतःचा आवाजच नव्हता. म्हणून माइक आणि दिवा विद्युत् मंडलाने जोडले गेले तो काळ, साधारणतः विसाव्या शतकाचे सातवे दशक, हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. तुळजाभवानीच्या गोंधळात संबळाच्या तालावर पोत (पेटती मशाल) नाचवतात. तेल घातले की ज्योत भडकते. तिला पूर्वरूप म्हणण्याचा मोह होतो, पण तेथेही ताल ऐकतो तो पोत धरणारा, ज्योत नव्हे.

मंडलात माइकचा क्षीण विद्युत् दाब वाढवून खर्ज, मध्य व तार अशा पट्ट्यांत गाळला जातो. संबळाच्या लहानमोठ्या जोडीचे बोल त्यामुळे वेगवेगळ्या दिव्यांवर उमटवता येतात. जुन्या रचनांत ट्रायॅकवर (दिव्याकडे जाणारी वीज कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक घटक) साधे बल्ब चालत. त्यांची तार तापायला व निवायला क्षणभर लागे, त्यामुळे लुकलुक आपोआप मऊ होई. एलईडी तत्काळ विझतो. त्याचा उजेड आज्ञावलीने मुद्दाम सावकाश उतरवावा लागतो. माइक बेसच्या डब्याला (खर्जाच्या स्पीकरला) खेटून ठेवल्यास पातळी सतत कमाल राहते आणि सगळे दिवे नुसतेच पेटलेले दिसतात.

मेक्सिकोत जन्मलेला कलावंत राफाएल लोसानो-हेमर याच्या ‘व्होस आल्ता’ (मेक्सिको सिटी, २००८) या कृतीत भोंग्यावर बोलणाऱ्याच्या आवाजानुसार शोधदीप (सर्चलाइट) लखलखे. मेक्सिको सिटीतील १९६८ च्या त्लातेलोल्को हत्याकांडाचे (विद्यार्थी-आंदोलकांवरील गोळीबाराचे) ते स्मरण होते.

मराठवाड्यात ही तऱ्हा मुख्यतः गणेशोत्सवातील व वरातींतील लायटिंगमध्ये आढळते. तिला आवाज लागतो, मात्र ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य शासन वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते.