उलटा मायक्रोस्कोप

मायक्रोस्कोपमधून बारीक वस्तू मोठी दिसते. पण डोळा लावतो त्या बाजूनं चित्र आत सोडलं, तर खाली ते बारीक होऊन पडतं. ही उलटी युक्ती वापरून 1957 साली जे लॅथ्रॉप आणि जेम्स नॉल यांनी अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरवर नक्षी उमटवली. तोफगोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या फ्यूजमध्ये मावतील इतके छोटे ट्रान्झिस्टर त्यांना हवे होते.

साठेक वर्षांनी न्यू जर्सीतल्या सॅम झेलूफ या शाळकरी पोरानं आईवडिलांच्या गॅरेजमध्ये हेच केलं. त्यानं मायक्रोस्कोपला प्रोजेक्टर जोडला, म्हणजे रांगोळीच्या छापासारखा वेगळा मास्क करायलाच नको. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र थेट सिलिकॉनवर. 2018 मध्ये त्याची सहा ट्रान्झिस्टरची चिप झाली, 2021 मध्ये शंभरांची. त्या दुसऱ्या चिपमधली रेघ 10 मायक्रॉनची, इंटेलच्या 1971 मधल्या 4004 या प्रोसेसर चिपइतकीच. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो.

नक्षी उमटवायची तर आधी सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाश पडला की बदलणाऱ्या द्रवाचा, थेंब टाकून ती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी गरगर फिरवायची. जास्तीचं द्रव कडेनं उडून जातं आणि मायक्रॉनभर जाडीचा थर उरतो. नेमका तेव्हाच धुळीचा कण बसला, की त्याच्यामागे धूमकेतूच्या शेपटीसारखा ओरखडा उमटतो. पुसा आणि पुन्हा सुरुवात करा. या थराला लाल-पिवळ्या उजेडाचं सोयरसुतक नसतं, म्हणून फोकस लाल चित्रावर निवांत जुळवता येतो. मग निळा-जांभळा प्रकाश काही सेकंद टाकायचा. नेहमीच्या प्रकारच्या रेझिस्टमध्ये जिथं प्रकाश पडला तेवढाच भाग कॉस्टिकच्या पातळ द्रावणात विरघळतो, आणि बघता बघता नक्षी उघडी पडते.

खरा कस लागतो नक्षीच्या दुसऱ्या थराला. तो पहिल्यावर अचूक बसवायचा, आणि टेबलाला नुसता धक्का लागला तरी सगळं सरकतं.

काचेवरच्या पातळ धातूवर नक्षी काढण्यापर्यंत हा छंद घरात परवडतो. चिपसाठी मात्र हजार अंशांच्या आसपासची भट्टी लागते, आणि सिलिकॉनवरचा ऑक्साइड खरवडायला हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते कातडीतून आत मुरतं, शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि सौम्य असेल तर कित्येक तास दुखतही नाही. हौशी लोकांच्या व्हिडिओत हा भाग दोन सेकंदांत उरकलेला असतो, ते मला पटत नाही.