गोळी कुटण्याआधी

"शेवटी पोटातच जायची आहे ना, मग कुटून दिली तर काय बिघडलं?" गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाच्या उशाशी हे हमखास ऐकू येतं. बऱ्याच साध्या गोळ्यांचं खरंच काही बिघडत नाही. काहींच्या बाबतीत मात्र जिवावर बेततं.

नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीत १२ किंवा २४ तासांचं औषध एकदम भरलेलं असतं. अशा अनेक गोळ्यांत ते एचपीएमसी नावाच्या पॉलिमरमध्ये मिसळतात. पाणी लागताच गोळीचा बाहेरचा थर फुगून चिकट जेल होतो आणि औषधाच्या रेणूंना त्यातून वाट काढत बाहेर पडावं लागतं. जेल वरून झिजतो, पाणी आणखी आत शिरतं, आत नवा जेल तयार होतो. सगळी करामत या थराची. आता हिशेब करा: १ सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंमी. त्याचेच १ मिमीचे १००० घन केले की ६० चौरस सेंमी! शिवाय कुठलाही रेणू पृष्ठभागापासून फार तर अर्धा मिमी आत. पूड तर त्याहून बारीक. दिवसभर पुरवायचं औषध थोड्याच वेळात रक्तात उतरतं. मॉर्फिन असेल तर श्वास मंदावतो, निफेडिपिन असेल तर रक्तदाब कोसळतो.

काही गोळ्यांवरच्या, आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची गोष्ट वेगळी. ते साधारण साडेपाचच्या वरच्या सामूला (पीएच) विरघळतं, म्हणजे जठराच्या आम्लात टिकून राहतं. पॅन्टोप्राझोल हे आम्लपित्ताचं औषध कुटलं, तर जठरातलं आम्लच ते नासवतं.

म्हणून आधी फार्मासिस्टला विचारायचं: याचं सिरप किंवा पॅच मिळतो का? कुटायची परवानगी असेल तर एका वेळी एकच औषध, तेही चमचाभर मऊ अन्नात. वाटीभर अन्नात कालवलं आणि अर्धी वाटी उरली, तर अर्धा डोसही उरला. गिळायला सोपं जावं म्हणून पाणी घट्ट करायची पावडर स्टार्चची असेल, तर तिच्यात मॅक्रोगोलचं रेचक मिसळू नये. मिश्रण पुन्हा पातळ होतं आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं. पोटात अन्न सोडण्याच्या नळीतून देताना प्रत्येक औषधाच्या आधी आणि नंतर १५ ते ३० मिली पाणी सोडतात, नाहीतर नळी तुंबते.

रुग्णाला ताठ बसवून हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून 'गटकन' गिळायला लावणं सर्वांत वाईट, त्याने श्वासमार्ग उघडा पडतो. ठसका लागला की कुणी आठवण काढली म्हणतात. इथे तो धोक्याचा इशारा असतो. आणि तो लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नये: काहींच्या फुप्फुसात पाणी ठसक्याविनाच उतरतं, फक्त आवाज ओला, घुरघुरता होतो.

'औषध दिलं' अशी नोंद करण्याआधी तोंडात टॉर्च मारून पाहावं. पक्षाघातात गोळी बधिर बाजूच्या गालात तशीच बसलेली सापडते.