आधी अंग, मग कपडा: कोरियन फॅशनमागची जुनी गोष्ट

खांद्यावरून उतरणारा ढगळ ब्लेझर, रुंद पायांची पँट, कमरेपाशी संपणारा निटचा टॉप, घेरदार मिडी स्कर्ट. कोरियन धर्तीचे कपडे म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. त्याच्या पाठोपाठ एक समजही येतो: हे सगळं बारीक मुलींनाच शोभतं, बाकीच्यांनी आधी वजन उतरवावं आणि मग असे कपडे घ्यावेत. या समजामुळे कितीतरी जणी आवडलेला कपडा हातात घेऊन परत ठेवतात. मला तो समज चुकीचा वाटतोच, शिवाय कोरियाच्या कपड्यांचा इतिहासही त्याला दुजोरा देत नाही. बारीक अंगाची ही अट तिथल्या पोशाखात फार उशिरा शिरली. कशी शिरली, तेही बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

जुन्या कोगुर्यो राज्यातल्या थडग्यांच्या भिंतींवर पाचव्या शतकातली चित्रं आहेत. त्यांत नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या अंगावर कमरेला पट्टा बांधलेले लांब अंगरखे आणि सैल विजारी दिसतात. स्त्रियांच्या चुण्यांच्या लांब घागऱ्याही दिसतात. पुढे हानबोक म्हणून जो पोशाख रूढ झाला, त्याची मुळं इथे आहेत. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. जोगोरी, म्हणजे वरचा अंगरखा, सपाट तुकड्यांतून बेतलेला असतो आणि पुढे कापडी बंदांनी बांधला जातो. छिमा, म्हणजे घागरा, हा चुण्या घातलेला कापडाचा पन्ना असतो. तो अंगाभोवती गुंडाळून छातीच्या वर बांधतात. बटणाचं काज किंवा चेनचा दात जसा ठराविक जागी अडतो, तसं इथे काहीच अडत नाही. अंग भरलं, बाळंतपण झालं, वय वाढलं तर बंद थोडा सैल बांधायचा. शिवाय बरेच कपडे धुताना उसवून, खळ देऊन, कुटून पुन्हा शिवले जात. त्यामुळे माप बदलणं ही घरातलीच बाब होती. शरीर गृहीत धरलेलं होतं, कपडा त्याच्यामागून यायचा.

म्हणून जुन्या काळात सगळं आरामशीर होतं असं मात्र नाही. अठराव्या शतकात जोसन राजवटीत स्त्रियांची जोगोरी आखूड आणि घट्ट होत गेली. यी देओक-मू या विद्वानाने 1775च्या सुमारास त्यावर तक्रार लिहून ठेवली आहे. बाह्या इतक्या अरुंद की हात घालणं कठीण, कोपर वाकवलं की शिवण उसवते आणि कधीकधी बाही फाडूनच कपडा काढावा लागतो, असा तिचा आशय आहे. शिन युन-बोक या चित्रकाराच्या सुंदरीही असाच चिमुकला अंगरखा आणि फुगलेला घागरा घातलेल्या आहेत. तेव्हा घट्ट कपड्याचा सोस बाहेरून आला असं म्हणून हात झटकता येत नाहीत. पण त्या घट्टपणातही कपडा त्या एका बाईच्या अंगावरच बेतलेला असायचा. तिच्या अंगाला कुठला क्रमांक नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कपड्यांत सरकार उतरलं. 1895च्या अखेरीस पुरुषांनी डोक्यावरचा बुचडा कापावा असा हुकूम निघाला आणि देशभर संताप उसळला. 1900 मध्ये मुलकी अधिकाऱ्यांचा पोशाख पाश्चात्त्य धर्तीचा ठरवला गेला. स्त्रियांच्या बाजूने या काळातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल मात्र एका मुलींच्या शाळेत घडला. 1886 मध्ये सुरू झालेल्या इव्हा शाळेत मुली खेळू-पळू लागल्या, तेव्हा छातीवर करकचून बांधलेला घागरा आड येऊ लागला. श्वास पुरेना. 1910च्या दशकात तिथे घागऱ्याला खांद्यावरून जाणारी बिनबाह्यांची चोळीसारखी पट्टी जोडण्यात आली. भार छातीवरून खांद्यांवर गेला. घागरा आखूड झाला, जोगोरी लांब झाली आणि ही पद्धत शाळेबाहेरही पसरली. मुलींना धावता यावं म्हणून राष्ट्राचा पोशाख बदलला, ही गोष्ट कोरियन फॅशनबद्दल बोलताना क्वचितच सांगितली जाते.

कोरियन युद्धानंतर गरिबी इतकी होती की विद्यार्थी अमेरिकी लष्कराचे जुने गणवेश काळे रंगवून घालायचे. त्याच राखेतून 1956 मध्ये सोलच्या बांदो हॉटेलात नोरा नो हिने देशातला पहिला फॅशन शो भरवला. तिचं मूळ नाव नो म्योंग-जा. घराचा उंबरठा ओलांडून जाणाऱ्या एका प्रसिद्ध नाट्यनायिकेचं नाव तिने स्वतःला घेतलं. नोकरी करणाऱ्या बाईला सुटसुटीत वावरता यावं, हा विचार तिच्या कामात सतत होता.

पुढच्या दशकात प्रश्न पुन्हा अंगावर आला. 1967 मध्ये गायिका युन बोक-ही हिच्यामुळे मिनिस्कर्टची लाट आली, आणि 1973 मध्ये लष्करशहा पार्क चुंग-हीच्या राजवटीने किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात बदल करून आखूड स्कर्ट व पुरुषांचे लांब केस गुन्ह्याच्या यादीत टाकले. पोलिस रस्त्यात मुलींना थांबवून गुडघ्यापासून स्कर्टपर्यंतचं अंतर पट्टीने मोजत. स्त्रीच्या अंगावर आणखी कोणाचा तरी हक्क आहे, ही समजूत इतक्या उघडपणे क्वचितच अमलात आली असेल.

याच वर्षांत तयार कपड्यांचा धंदा वाढत होता, आणि त्याची किंमत दुसरेच कोणी मोजत होते. चोंग्येचॉन ओढ्याकाठच्या प्योंगह्वा बाजारात, ताठ उभंही राहता येणार नाही अशा बुटक्या माळ्यांवर किशोरवयीन मुली दिवसरात्र शिवणकाम करायच्या. त्यांच्यासाठी कामगार कायदा पाळा एवढीच मागणी करत चोन ते-इल या 22 वर्षांच्या कारागिराने 13 नोव्हेंबर 1970 रोजी स्वतःला पेटवून घेतलं. कोरियन कपड्यांच्या झगमगाटाबद्दल लिहिताना हे नाव गाळणं मला योग्य वाटत नाही.

आणि मग आले आकडे. कारखान्यात घाऊक कपडे शिवायचे तर ठरीव मापं हवीत. 1979 मध्ये देशात लोकांच्या शरीराची मोठी मोजणी सुरू झाली आणि त्यावरून स्त्रियांची मापं ठरली. सरासरी उंची 155 सेंटिमीटर, छाती 85 सेंटिमीटर. दोन्हींतला शेवटचा आकडा घेऊन या मापाचं नाव पडलं 55. त्याहून लहान 44 म्हणजे उंची 150, छाती 82. मोठं 66 म्हणजे उंची 160, छाती 88. यातली खोच बघा: उंची वाढली की छातीही वाढते असं गृहीत धरलेलं आहे. बुटकी पण भरलेल्या अंगाची बाई, किंवा उंच पण अरुंद खांद्यांची मुलगी, दोघींनाही या रांगेत जागाच नाही. सरकारी पद्धत पुढे सेंटिमीटरमधल्या मापांकडे गेली, तरी बोलीतून आणि बाजारातून 44, 55, 66 गेले नाहीत. पिढ्या बदलल्या, मुलींची उंची वाढली, आकडे तेच राहिले. 2000च्या दशकात तर 44 हे कौतुकाचं प्रमाणपत्र बनलं. कपड्याची सोय म्हणून काढलेला आकडा बाईची ओळख झाला.

दुसरा धागा दोंगदेमुनचा. सोलमधल्या या बाजारात कापड, बटणं, चेन, शिवणकाम, घाऊक विक्री सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. रात्री बाजार भरतो, आणि नवा नमुना कल्पनेतून दुकानात यायला काही दिवसच लागतात. 1997च्या आर्थिक संकटानंतर तिथे मिल्योरे आणि दूता यांसारख्या उंच इमारती उभ्या राहिल्या, तरुण डिझायनरांनी छोटे गाळे घेतले. हीच आजच्या कोरियन फॅशनची खरी भट्टी. पण इतक्या झटपट धंद्यात एका नमुन्याची पाच मापं शिवणं परवडत नाही. एक माप उरलं की तोटा. म्हणून ‘फ्री साइझ’ रूढ झाली: एकच माप, साधारण 55 ते 66च्या अंगाला बसणारं. घालून पाहायची सोयही अनेक दुकानांत नसते. बारीक अंगाची अट इथे घट्ट झाली, आणि तिच्या मुळाशी सौंदर्यदृष्टीपेक्षा शिल्लक मालाचा हिशेब जास्त होता. हे नीट समजून घेतलं तर ‘फ्री साइझ’मध्ये न मावणारी मुलगी स्वतःला दोष देणार नाही.

आता ढगळ कपड्यांकडे येऊ. 1983 मध्ये शाळांना गणवेशाची सक्ती काही काळ उठली, आणि मुलांना रोज काय घालायचं हे स्वतः ठरवायची सवय लागली. 1992 मध्ये सो ते-जी अँड बॉइज या त्रिकुटाने रॅप आणि हिप-हॉपसोबत टोपीवर लटकणारं लेबल, मोठे टी-शर्ट आणि जमीन झाडणाऱ्या पँटी आणल्या. शहरातल्या पोरांनी ते उचललं. त्यानंतर आयडॉल गटांच्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या पॉप गटांच्या, रंगमंचावर ढगळ आणि चोपून बसणारे असे दोन्ही प्रवाह वाहत राहिले. ढगळ कपड्याचा गुण असा की तो अंगाची रेष सांगत नाही, अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा ठेवतो. हानबोकशी त्याचा थेट वंश जोडणं घाईचं होईल, पण दोघांचा स्वभाव जुळतो, हे मला ठामपणे वाटतं. 2020 मध्ये ब्लॅकपिंक या मुलींच्या पॉप गटाने एका व्हिडिओत बदललेले हानबोक घातले आणि बंदांच्या अंगरख्यांकडे जगभरातल्या तरुण मुली वळल्या, तेव्हा हे नातं अधिक स्पष्ट झालं.

व्यापार इंटरनेटवर गेल्यावर चित्र दोन्ही बाजूंनी बदललं. बुटांच्या फोटोंचा समुदाय म्हणून 2001 मध्ये सुरू झालेली मुसिन्सा प्रचंड दुकान बनली. किम सो-ही हिने 2004 मध्ये सुरू केलेली स्टाइलनांदा 2018 मध्ये लॉरेआल या फ्रेंच कंपनीने विकत घेतली. सडपातळ मॉडेल्सचे फोटो घराघरांत पोचले. त्याच वेळी विरोधही बोलू लागला. किम जी-यांग 2010 मध्ये अमेरिकेत प्लस-साइझ मॉडेल म्हणून रॅम्पवर उतरली आणि परत येऊन तिने ‘66100’ हे मासिक व कपड्यांचं दुकान काढलं. स्त्रियांच्या 66 आणि पुरुषांच्या 100 या मापांच्या पुढच्या माणसांसाठी. 2018 मध्ये ‘तालकॉर्सेट’, म्हणजे कॉर्सेट (अंग आवळणारी काचोळी) सोडा, या चळवळीत तरुणींनी मेकअपचं सामान मोडल्याचे आणि केस कापल्याचे फोटो टाकले. त्याच वर्षी एमबीसी वाहिनीवर इम ह्योन-जू हिने चष्मा लावून बातम्या वाचल्या आणि तेवढ्यानेही देशभर चर्चा झाली.

या चळवळीतल्या काहीजणींना नटणंच नको होतं. मला त्यांचा राग समजतो, पण नटण्याची हौस आणि स्वतःच्या अंगाबद्दलचा आदर एकत्र नांदू शकतात असं मी मानते. आखूड, अंगाला चिकटणाऱ्या टॉपची लाट अलीकडे पुन्हा आली आहे. तो टॉप जाड दंडांवर घालायचा की नाही, हे दंड ज्याचे आहेत त्यानेच ठरवावं.

बाजारातली एक सवय या बाबतीत खरोखर उपयोगी पडते. कोरियन दुकानं कपडा सपाट पसरून त्याची मापं सेंटिमीटरमध्ये देतात: खांदा, छातीची रुंदी, बाही, एकूण लांबी. छातीची रुंदी सपाट मोजलेली असते, म्हणून ती दुप्पट करायची. आपल्याला आरामात बसणारा एखादा कपडा तसाच पसरून मोजला आणि आकडे ताडून पाहिले, की 55 किंवा ‘फ्री’ या शिक्क्यांची गरज उरत नाही. मुसिन्सावर तर ग्राहक अभिप्रायासोबत आपली उंची, वजन आणि कपडा घातलेला फोटो देतात. आपल्यासारख्याच उंचीच्या, आपल्यासारख्याच भरलेल्या कोणाच्या अंगावर तो ब्लेझर कसा पडतो, हे तिथे दिसतं.