गोचिडीचा डाग इतका का रेंगाळतो?

डास चावला की लगेच खाज सुटते आणि एक-दोन दिवसांत विसरूनही जाते. गोचिडीचं उलटं. ती अंगाला चिकटलेली असते तेव्हा पत्ता लागत नाही. काढून टाकल्यावर मात्र खाज सुरू होते आणि लालसर गाठ आठवडा-दोन आठवडे तळ ठोकून बसते.

ही करामत तिच्या लाळेची. गोचीड कातडीत सोंड रोवून कित्येक दिवस रक्त पीत राहते. सोंडेवर उलटे काटे असतात, शिवाय बऱ्याच जाती लाळेतून सिमेंटसारखा पदार्थ सोडून स्वतःला पक्कं चिकटवून घेतात. त्याच लाळेत रक्त गोठू न देणारी प्रथिनं असतात आणि खाज-सूज आणणाऱ्या हिस्टामाइनला धरून ठेवणारीही. म्हणजे आपल्या शरीराचा पहारा ती दाबून ठेवते. गोचीड निघाली की तो पहारा जागा होतो. म्हणून काढल्यानंतर एक-दोन दिवस जागा जास्त लाल दिसली तर घाबरू नये.

बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ वर ओढून गोचीड काढावी. रॉकेल, काडीचा चटका वगैरे घरगुती प्रयोगांनी उलट नुकसानच होतं. सोंडेचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल, तर सुईने उकरू नका. कातडी बहुधा तो आपणच बाहेर ढकलते. कधी मात्र त्याभोवती टणक गाठ धरते आणि ती महिनोन्‌महिने राहू शकते. गव्हाळ-सावळ्या कातडीवर सूज ओसरल्यावरही काळपट डाग उरतो. ते त्या जागी वाढलेलं मेलानिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य. सतत खाजवलं की डाग आणखी लांबतो.

काळजी कधी करायची? अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी ३ ते ३० दिवसांत पसरत जाणाऱ्या, ५ सेंटीमीटरहून मोठ्या लाल चट्ट्याकडे लक्ष ठेवावं. तो गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम आजाराचा असू शकतो. आपल्याकडच्या गोचीड-तापात चावल्या जागी कधी काळी, न दुखणारी खपली दिसते, तर कधी काहीच दिसत नाही.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि गोव्यातल्या सत्तरीत आढळलेल्या माकडतापाचं, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या विषाणूच्या तापाचं, तर विचारूच नका. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू चावल्या जागी ओळखू येईल अशी खूण सोडत नाही. बहुतेकदा माणसाला चावते ती गोचिडीची बारीक, अर्धवट वाढलेली पिल्लावळ, त्यामुळे चावल्याचंच अनेकांना कळत नाही. साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम सणसणून ताप येतो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जंगलात किंवा काजूच्या बागेत जाऊन आल्यावर असा ताप आला, तर अंगावर डाग असो-नसो, डॉक्टरांना आधी कुठे गेला होतात ते सांगा.